पोटभर डिझेल

शनिवार, २ मे १९८१

ही डायरी जानेवारीत नटबोल्टच्या दुकानदारानं भेट दिली. चार महिने ती गॅरेजात ग्रीसच्या डब्याखाली पडून होती. आजपासून लिहितो, कारण चाचणीची नोंद ठेवावी लागते. नोंद नसली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोक म्हणतात, हंबीरराव थापा मारतो.

चाचणी अशी. माझी गाडी बासष्ट सालची ॲम्बॅसिडर, मूळची एका डॉक्टरांची, पेट्रोलवर चालणारी. तिचं इंजिन बसलं तेव्हा मी भंगारातल्या व्हॅनचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. सगळे हसले. आज तेच लोक लग्नाच्या वरातीला गाडी मागायला येतात. ही गाडी काश्मीरला नेऊन साडेअकरा हजार फुटांचा झोजिला घाट चढवायचा, असं महिन्यापूर्वी ठरवलं. घाट उतरला की पलीकडे द्रास नावाचं गाव आहे. तिथं मिलिटरीच्या वर्कशॉपात आमचा बाळासो असतो. पण तो भाग वेगळा. मुद्दा इंजिनाचा आहे.

माझं तत्त्व पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. पावण्याला आणि इंजिनाला हात आखडून वाढायचं नाही. माझ्या हातच्या इंजिनांचा धूर दिसतो, कारण ती पोटभर जेवलेली असतात.

डायरी कपाटात उघडीच ठेवणार. विठाला, म्हणजे आमच्या मंडळींना, वाचता येत नाही.

मंगळवार, ५ मे

बाळासोचं पत्र आलं. त्याची पत्रं विठाच्या नावानं येतात आणि मी ती तिला वाचून दाखवतो. पूर्वी त्याचं अक्षर झोकदार होतं. गेलं वर्षभर दुसरीतल्या पोरासारखं मोठं, सुटं सुटं काढतो. थंडीनं बोटं आखडत असतील.

यंदा त्याला रजा नाही. पंचवीस जूनला त्यांची तुकडी तिथून हलणार, पार पूर्वेकडं. पुढची तीन वर्षं भेट होईल असं दिसत नाही. हे वाचल्यावर मी जुलैचा बेत जूनमध्ये ओढला. पावसाआधी निघालेलं इंजिनाला बरं.

पत्राच्या शेवटी तीन ओळी अशा होत्या: ‘गाडी आणणार असं कळलं. वर हवा पातळ असते. घाटाखाली पंपाचा स्क्रू दोन आटे बाहेर घ्यावा, नाहीतर गाडी चढायची नाही.’ त्याला गाडीचं कुणी कळवलं कोण जाणे. गॅरेजातला अल्लाउद्दीन असणार. या तीन ओळी मी विठाला वाचून दाखवल्या नाहीत.

चार वर्षांपूर्वीचं भांडण याच स्क्रूवरनं झालं. तो आत फिरवला की इंजिनाला डिझेल जास्त जातं, बाहेर घेतला की कमी. बाळासो भर गॅरेजात गिऱ्हाईकासमोर म्हणाला, “आबा डिझेल ज्यादा सोडत्यात, म्हणून धूर येतोय.” मी म्हणालो, “माझ्या स्क्रूला हात लावायचा असंल तर दुसरा बाप बघ.” दुसरा बाप त्याला मिलिटरीत मिळाला. आठवड्यात भरती झाला. त्यानंतर त्यानं मला पत्र लिहिलं नाही आणि मी त्याला लिहिलं नाही.

रविवार, १० मे

पन्हाळ्याला चाचणी घेतली. गाडीत मी, विठा, अल्लाउद्दीन आणि वजन म्हणून गुळाचा एक रवा, म्हणजे अख्खी ढेप. अल्लाउद्दीन तीस वर्षं माझ्याबरोबर काम करतो. मला दादा म्हणतो, पण ऐकतो विठाचं.

गाडी झकास चढली. शेवटच्या वळणावर मात्र थोडा धूर झाला, आणि नेमक्या तिथंच झुंबरबाई म्हणून एका बाईनं अंगणात धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. निम्म्या काळ्या झाल्या. बाई रस्त्यात आडवी उभी राहिली.

“पावणं, गाडी हाय का वीटभट्टी?”

“मावशी, डिझेल गाडी हाय. पोटभर जेवल्यालं इंजिन हाय.”

“जेवलंय तर मग वकतंय कशाला?”

यावर अल्लाउद्दीन टायर तपासायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. विठानं काळ्या कुरडया पदरात घेतल्या. आज संध्याकाळी त्याच तळून मला वाढल्या. चवीला डिझेल लागत नाही, असं मी तिला सांगितलं. लागतं.

शुक्रवार, १५ मे

विठा मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी शाळेत भजनाला जाते. वर्ष होत आलं. अजून घरात एक ओळ गुणगुणताना ऐकली नाही. आज जाताना डायरीला लावलेली बारकी पेन्सिल मागून घेतली. रांगोळीचे ठिपके मांडायला लागते म्हणाली. मला पेन्सिलचा उपयोग नाही, मी पेनानं लिहितो.

बुधवार, १० जून

निघालो. सामान असं: गुळाचा रवा, दोन डबे डिझेल, एक डबा रॉकेल, कांदा-लसूण चटणीची बरणी, अल्लाउद्दीनच्या बायकोनं, खैरुनबीनं दिलेल्या पोळ्यांचं गाठोडं, एक नारळ, आणि बाळासोसाठी कापशी चपलांचा जोड. चपला मी घेतल्या नाहीत, विठानं घेतल्या. माप मात्र मी सांगितलं.

निघताना शेजारी विचारत होते, पोराला भेटायला निघालासा व्हय? मी सगळ्यांना समजावून सांगितलं की इंजिनाची चाचणी आहे.

सोमवार, १५ जून

दिल्ली मागे पडली. चार दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही. गाडी चालते, आम्ही भाजतो. अल्लाउद्दीन म्हणतो, “दादा, इंजिन पाण्यानं थंड हुतंय, आपल्याला कोन पानी घालनार?” वाटेत लोक नंबर बघून विचारतात, कोल्हापूर कुठं आलं. विठा चपलेकडं बोट दाखवते. लगेच कळतं.

गुरुवार, १८ जून

श्रीनगर. काल जम्मूकडनं चढताना सात हजार फुटांवरच्या बोगद्याआधी गाडी धापा टाकत होती. धूर एवढा की मागच्या बसवाल्यानं भर दुपारी दिवे लावले. लांबच्या प्रवासानं फिल्टर तुंबला असेल, असं मी म्हणालो. अल्लाउद्दीननं फिल्टर काढून दाखवला. साफ होता. मी म्हणालो, मग आता साफ झाला असेल.

शनिवार, २० जून

सोनमर्ग. इथून झोजिला सुरू होतो. वर दरड पडल्यामुळं रस्ता दोन दिवस बंद आहे, उद्या उघडणार. रस्ता एका गाडीपुरता, म्हणून सकाळी गेट उघडतात आणि सगळ्या गाड्या एकामागून एक सोडतात. एकदा गेट बंद झालं की दुसऱ्या दिवसापर्यंत बसायचं. आज वीस तारीख आहे. बाळासोच्या गाड्या पंचविसाला पहाटे निघणार. घाई नाही, पण हिशेब डोक्यात असावा.

मुक्काम कालपासून एका धाब्यावर. काल संध्याकाळी मटण चांगलं मिळालं. पुढं कष्ट आहेत म्हणून दोन ताटं जेवलो. विठा म्हणाली, “हितं हवा पातळ हाय, कमी खावा.” हवा पातळ असते हे तिला कुठनं कळलं, नवल वाटलं.

रात्री उलटी झाली, डोकं ठणकलं. विठा तांब्या घेऊन उभी. म्हणाली, “जेवलासा तर वकताय कशाला?” आज सकाळी मला वाटीभर भाताची पेज दिली, बाकी काही नाही. दुपारपर्यंत टुणटुणीत झालो. हवा मानवलेली दिसते.

रविवार, २१ जून

पहिला प्रयत्न. गेटवर जाण्याआधी पंपाच्या स्क्रूला कुणी हात लावू नये म्हणून बांधलेली माझी तांब्याची तार सोडली आणि स्क्रू अर्धा आटा आत दिला. चढ मोठा आहे, घास वाढवलेला बरा. अल्लाउद्दीनला हे सांगितलं नाही, उगीच तोंड करतो. तार पुन्हा तशीच बांधून ठेवली.

दोन किलोमीटरवर गाडी थांबली. इंजिन चालू आहे, आवाज आहे, धूर तर विचारू नका, फक्त गाडी पुढं जात नाही. मागं चाळीस ट्रक. भोंग्यांनी दरी भरली. शेवटी दहा-बारा ड्रायव्हरांनी खाली उतरून गाडी कडेच्या खोबणीत ढकलली. ट्रक निघून गेल्यावर आम्ही उतारानं परत सोनमर्गला.

गेटवरचा हवालदार म्हणाला, “चाचा, ये गाड़ी है या तंदूर?” मी त्याला डिझेल इंजिनाविषयी समजावून सांगितलं. त्यानं तोंडावर रुमाल धरला होता.

सोमवार, २२ जून

दुसरा प्रयत्न. सगळ्यात ताकदीचा गियर रिव्हर्स असतो, हे ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही माहीत आहे. म्हणून रांगेत सगळ्यात शेवटी गाडी उलटी लावली आणि मागं मागं घाट चढायला लागलो. अल्लाउद्दीन बाहेर चालत, “येऊ द्या, येऊ द्या, डावं घ्या.” विठा शेजारी बसून समोरच्या काचेतून खालची दरी बघत होती.

“आवं, तोंड तर कोल्हापूरकडं हाय. चाललोय कुठं?”

“वर.”

“मग सोनमर्ग अजून दिसतंय कसं?”

गाडी चढत होती, हे नमूद करतो. कालच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त चढली. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. गाडी उलटी चालली की धुराची नळी पुढं येते. आमच्याच धुरात आम्ही शिरत गेलो. थांबलो तेव्हा तिघांचीही तोंडं काळी झाली होती. अल्लाउद्दीनचे दातच तेवढे दिसत होते, कारण तो हसत होता.

विठा हसली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “उद्याच्याला न्हाय चढली तर मी ट्रकात बसून जाते. तुमी बसा हितं इंजिन चाटत.”

“जा की,” मी म्हणालो.

“आन् तुमी?”

मी बॉनेट बंद करायला गेलो. उत्तर इथं लिहितो. मला ट्रकनं जाता येणार नाही. ट्रकमधून उतरलो तर त्याला भेटायला आलो असं होईल. गाडीतून उतरलो तर गाडी घेऊन आलो असं होईल. चार वर्षांनी समोर जायचं तर हातात काहीतरी पाहिजे. आणि गाडी इथंच बसली तर त्याच्या पत्रातल्या त्या तीन ओळी खऱ्या होतील, ते निराळंच.

ही पानं कुणी वाचणार नाही म्हणून बरं आहे.

मंगळवार, २३ जून, पहाट

पाचला उठलो तर विठा अंथरुणात नाही. बाहेर येऊन बघतो तो गाडीचं बॉनेट उघडं आणि विठा नि अल्लाउद्दीन त्यात डोकं घालून उभे. अल्लाउद्दीनच्या हातात स्क्रू ड्रायव्हर.

“काय चाललंय?”

“नारळ फोडायचाय दादा. इंजिनाला.”

“स्क्रू ड्रायव्हरनं?”

“शेंडी सोलतोय की.”

नारळ गाडीच्या छपरावर होता, शेंडीसकट. काम सुरू व्हायचं असेल. विठाच्या हातात बाळासोचं पत्र होतं. उजेडाकडं धरून ते बघत होती. वाचता येत नाही, पण लेकाचं अक्षर तरी बघावं, असं वाटलं असणार. मला फार वाईट वाटलं. म्हणून जास्त काही न बोलता तोंड धुवायला गेलो.

परत येऊन तेलपाणी बघितलं. पंपाच्या स्क्रूला माझी तार नव्हती, तिथं लाल दोरा बांधला होता. कुठल्या देवाचा म्हणून विचारलं. विठा म्हणाली, अंबाबाईचा. त्याच वेळी अल्लाउद्दीन म्हणाला, पीरसाहेबांचा. मग दोघं एकमेकांकडं बघून म्हणाले, दोन्हीचा. भाबडी माणसं आहेत. राहू दिला.

त्याच दिवशी, दुपार

चढली.

पहिल्या गियरमध्ये, सरळ तोंडानं, एकदाही न थांबता. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, रस्ता म्हणजे चिखल, आणि माझी गाडी बैलासारखी मान खाली घालून चालत होती. वर पोचल्यावर विठानं नारळ फोडला, अल्लाउद्दीननं दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मी इंजिनाशेजारी उभा राहिलो.

नोंद: दोन दिवसांत इंजिनाला हवेचा सराव झाला.

दुसरी नोंद: धूर अजिबात नव्हता. माझं इंजिन बिनधुराचं मी पहिल्यांदाच पाहिलं. भरलं ताट ठेवून पावणा उठल्यासारखं वाटलं. पण पावणा तर पळत होता.

बुधवार, २४ जून

द्रास. काल संध्याकाळी पोचलो. वर्कशॉपच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिथं निरोप दिला. पंधरा मिनिटांनी बाळासो आला. खांद्यात भरलाय, रंगानं रापलाय. आईच्या पाया पडला. अल्लाउद्दीनला मिठी मारली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी म्हणालो, “गाडी आणलीय.” तो म्हणाला, “दिसतीया की.” मी बॉनेटवरची धूळ हातानं पुसली.

मग त्यानं बॉनेट उघडलं. मला बरं वाटलं. आम्ही दोघं बाजूबाजूला वाकून उभे राहिलो. बॉनेटच्या आत माणसाला समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही.

त्यानं पंपाला हात लावला आणि थांबला.

“आबा, हा दोरा?”

“तुझ्या आईनं बांधलाय. देवाचा हाय.”

त्यानं मान वळवून आईकडं बघितलं. विठा डोंगराकडं बघत होती. अल्लाउद्दीन पुन्हा टायर तपासत होता.

“जागा बरोबर गावली तिला,” बाळासो म्हणाला. मग दोरा बाजूला सारून स्क्रूकडं बघत राहिला. त्याचा आवाज एकदम हळू झाला. “आबा, तुमी डिझेल कमी केलं?”

तेव्हा माझ्या डोक्यात पहाटेचा स्क्रू ड्रायव्हर आला, छपरावरचा न सोललेला नारळ आला, नाहीसा झालेला धूर आला. सगळं एका क्षणात जागेवर बसलं. अल्लाउद्दीननं माझ्या स्क्रूला हात लावला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी खरं सांगू शकलो असतो. पण पोरगा माझ्याकडं बघत होता. चार वर्षांत पहिल्यांदा.

“व्हय,” मी म्हणालो. “तू लिवलं हुतंस की.”

“किती?”

“दोन आटे. तू सांगितलंस तेवढंच.”

त्यानं स्क्रूवरचा हात काढला. तिथंच, चिखलात, वाकून माझ्या पाया पडला. उठल्यावर त्याच्या कपाळाला माझ्या चपलेचं ग्रीस लागलं होतं. मी ते रुमालानं पुसलं. रुमालही ग्रीसचाच होता, त्यामुळं आणखी पसरलं. विठा म्हणाली, “झालं? आता चा घ्या.”

आज तो दुपारपर्यंत आमच्याबरोबर होता. कापशी चपला घालून टपरीपुढं फिरला. पायात बरोबर बसल्या. “माप कसं ध्यानात?” म्हणाला. मी म्हणालो, पायाचं माप बदलत नसतं. गुळाचा रवा त्याच्या वर्कशॉपाला दिला. उद्या पहाटे त्यांच्या गाड्या निघतील. निरोप घेताना म्हणाला, “आबा, पूर्वेला बी डोंगर हायत.” मी म्हणालो, “गाडी हाय की.”

शनिवार, ४ जुलै

कोल्हापूर. पाऊस चालू आहे. येताना सगळ्या वाटेवर धूर नाही. डिझेल कमी लागलं आणि गाडी जास्त पळाली, सपाटीवरसुद्धा. हे कुणाला सांगायचं नाही.

काल बाळासोचं पत्र आलं. पहिल्यांदाच माझ्या नावानं. अक्षर झोकदार, पूर्वीसारखं जोडलेलं. तिकडं थंडी नसावी. विठाला तिचं वेगळं आलं, ते अजून मोठ्या सुट्या अक्षरातच आहे. त्याचं काय चाललंय कळत नाही.

अल्लाउद्दीनला मी काही बोललेलो नाही. त्यानं मित्र म्हणून केलं. पोरापुढं माझी लाज राहिली ती त्याच्यामुळं. बाळासोला माझं बोलणं पूर्ण खरं वाटलं, याचं समाधान आहे. विठाला बिचारीला यातलं काहीच कळलेलं नाही. तिला वाटतं, दोऱ्यानं गाडी चढली. वाटू दे.

चाचणी पूर्ण झाली. अखेरची नोंद: साडेअकरा हजार फुटांवर पंपाचा स्क्रू दोन आटे बाहेर.

(पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं, मोठ्या सुट्या अक्षरांत)

दोन न्हाई. अडीच.
अर्धा तुमी सोनमर्गला गुपचूप वाढवला हुता, त्यो धरून.
आता परत आत घालू नगा.
विठा